घरात पाच तऱ्हेचे रिचार्जेबल सेल, चार्जर एकच घेऊ की दोन?

साखळीकर:
नमस्कार मंडळी. घरात रिचार्जेबल सेल एवढे झालेत की ड्रॉवर उघडला की गडगडत बाहेर येतात, आणि चार्जर मात्र एकच, तो पण जुन्या कॅमेऱ्याबरोबर आलेला, दोन-दोनच सेल घेतो आणि एक हिरवा दिवा सोडला तर काही सांगत नाही, दिवा सेल भरला म्हणून लागलाय की नुसताच लागलाय ते देवाला माहीत. आता नवीन घ्यायचाय. सामान सांगतो. एक म्हणजे एए, म्हणजे पेन्सिल सेल, हे सगळ्यात जास्त, कारण गणेश चवथ झाली की आमच्या वाड्यावर नाटकाच्या तालमी सुरू होतात, जत्रेला देवळात प्रयोग असतो आणि माइकचं सगळं माझ्या गळ्यात, एकेका कॉलर माइकच्या ट्रान्समीटरला दोन सेल लागतात. दरवर्षी अल्कलाइन आणून अर्धे वापरून फेकतो, यंदा रिचार्जेबलवर जायचं ठरवलंय. मग रिमोटचे आणि पोराच्या गाडीचे बारीक एएए. बाबांचा कुळागरात (सुपारी-नारळाच्या बागेत) न्यायचा टॉर्च, त्यात १८६५० लिहिलेला जाडा सेल. अंगणात सोलरचे दिवे आहेत, त्यातले सेल मेलेत बहुतेक, दिसायला एएसारखेच. मल्टिमीटरमध्ये चौकोनी ९ व्होल्टचा. आणि फवारणीचा बॅटरी पंप आहे, त्याची बॅटरी वेगळीच, पण विचारून ठेवतो. ऑनलाइन बघितलं तर प्रत्येक चार्जरवर 'युनिव्हर्सल' लिहिलंय, दोनशे रुपयांचा पण युनिव्हर्सल आणि तीन हजारांचा पण युनिव्हर्सल. फरक काय? बजेट अडीच-तीन हजार.

फोंड्याचा_साउंड:
युनिव्हर्सलचा अर्थ बहुतेक वेळा एवढाच की स्प्रिंग लांब ताणली जाते आणि कुठल्याही मापाचा सेल आत बसतो. बसला म्हणजे तो चार्ज करायला योग्य झाला असं नाही रे. माप बाजूला ठेव, आधी प्रत्येक सेलवर बारीक अक्षरात काय छापलंय ते वाच. १.२ व्होल्ट असेल तर एनआयएमएच, म्हणजे निकेल मेटल हायड्राइड, अगदी जुना असला तर निकेल कॅडमियम. ३.६ किंवा ३.७ असेल तर लिथियम आयन, तो ४.२ व्होल्टपर्यंत भरतात. ३.२ लिहिलं असेल तर तो एलएफपी, लिथियमच पण वेगळा, तो साधारण ३.६ ला भरला की थांबायचं. हे तिन्ही एकाच मापात मिळतात, गोची तिथेच आहे. तुझ्या सोलरच्या दिव्यातले सेल एएच्या मापाचे आहेत म्हणतोस, ते १.२ चे पण असू शकतात आणि ३.२ चे पण. आधी बघ, मग बोलू.

आता भरायची पद्धत पण वेगळी. लिथियमला ठरलेला करंट देत देत ४.२ व्होल्टला पोचलं की व्होल्टेज तिथेच धरून ठेवायचं आणि करंट हळूहळू कमी होऊ द्यायचा, तो अगदी थोडा राहिला की बंद. एनआयएमएचला असा ठराविक आकडा नाही, तो भरत आला की व्होल्टेज चढतं आणि पूर्ण भरला की किंचित, सेलमागे काही मिलिव्होल्ट, खाली येतं आणि सेल गरम व्हायला लागतो. चांगला चार्जर ती घसरण पकडतो आणि थांबतो. तुझ्या जुन्या चार्जरला बहुतेक यातलं काही कळत नाही, तो दोन सेल एका माळेत धरून थोडा थोडा करंट सोडत बसतो. त्यातला एक अर्धा भरलेला आणि एक रिकामा असेल तर एक उतू जाणार आणि दुसरा उपाशी.

म्हणून घेताना पहिली गोष्ट बघ ती ही, की प्रत्येक खाना स्वतंत्र आहे का. तीन सेल, एकच सेल, दोन एए आणि दोन एएए, काहीही टाकलं तरी प्रत्येकाचं वेगळं बघायला हवं. दुसरी गोष्ट, करंट बदलता येतो का. बाकी स्क्रीन किती रंगीत आहे वगैरे सोड.

माइकसाठी म्हणशील तर लो सेल्फ डिस्चार्जवालेच एनआयएमएच घे. पूर्वीचे सेल कपाटात पडल्या पडल्या रिकामे व्हायचे, २००५ मध्ये सान्योने एनेलूप आणले तेव्हापासून हा प्रकार रुळला, आता ते पॅनासॉनिकच्या नावाने मिळतात, दुसऱ्या कंपन्यांचे पण 'रेडी टू यूज' लिहिलेले असतात ते याच जातीचे. साधारण १९००-२००० एमएएचचे पुरतात, एमएएच म्हणजे सेलमध्ये किती मावतं त्याचा आकडा. २५०० च्या वरचे बघून भुलू नकोस, ज्यात जास्त माल कोंबलाय ते कमी वेळा भरता येतात.

म्हापसेकर:
एवढं कशाला डोक्याला ताप. शुक्रवारच्या बाजारात चार खान्यांचा चार्जर सेलसकट मिळतो, रात्री लावायचा, सकाळी काढायचा. आमच्याकडे वर्षानुवर्षं चाललंय, रिमोट चालतो, घड्याळ चालतं, अजून काय पाहिजे.

फोंड्याचा_साउंड:
म्हापसेकर, रिमोटला आणि घड्याळाला चालेल, त्यांना करंट लागतोच किती. हळू करंटचा साधा चार्जर सेल मारत नाही लगेच, वेळेवर काढला तर. सेलच्या क्षमतेच्या दहाव्या हिश्शाने भरत असेल तर चौदा-सोळा तास लागतात आणि तोवर कुणीतरी लक्षात ठेवून काढावा लागतो. पण इथे नाटक आहे, दुसऱ्या अंकात राजाचा माइक बसला तर लोक साउंडवाल्याच्या नावाने ओरडतात, चार्जरच्या नाही. आणि त्या बाजारातल्या चार्जरच्या खान्यात कुणी चुकून ३.७ चा सेल घातला तर?

म्हापसेकर:
तो खान्यात मावतच नाही ना पण.

फोंड्याचा_साउंड:
१८६५० मावत नाही. १४५०० मावतो, तो अगदी एएच्या मापाचा असतो आणि ३.७ व्होल्टचा असतो. छोट्या टॉर्चमध्ये येतो. तोच चुकून रिमोटमध्ये गेला तर रिमोट पण गेला.

कुळागरातला:
मी सत्तरी तालुक्यात असतो, माझ्याकडे यातलं बहुतेक सगळं आहे म्हणून लिहितो. माझं मत दोन चार्जर. एकात सगळं कोंबायचा हट्ट कशाला. घरात बायको, आई, पोरं सगळी सेल बदलतात, सगळ्यांना ३.२ आणि ३.७ समजावत बसण्यापेक्षा एएसाठी वेगळा चार्जर स्वयंपाकघराजवळ ठेवला, त्यात टॉर्चचा जाडा सेल बसतच नाही, विषय संपला. पॅनासॉनिकचा बीक्यू-सीसी५५ म्हणून येतो तो दोन एए साधारण दीड तासात आणि चार तीन तासात भरतो, प्रत्येक सेल वेगळा बघतो, बटण एक पण नाही. टॉर्चचा सेल दुसऱ्या चार्जरमध्ये, तो माझ्या टेबलावर, त्याला मीच हात लावतो.

पंपाचं सांगतो. त्यात बहुतेक १२ व्होल्टची शिसे-आम्लाची सीलबंद बॅटरी असते, ७ किंवा ८ अँपिअर अवरची, बॅटरीवर लिहिलेलं असेल. तिचा चार्जर पंपाबरोबर येतो, तोच वापर, वरच्या कुठल्याच चार्जरचा तिथे संबंध नाही. तिला मारतं ते एकच, बोर्डोची (बुरशीनाशकाची) फवारणी आटोपली की पंप तसाच रिकामा कोनाड्यात ठेवायचा आणि पुढच्या हंगामाला काढायचा. शिशाची बॅटरी रिकामी पडून राहिली की आत प्लेटांवर सल्फेटचा थर कडक होतो, मग कितीही चार्ज करा. काम झालं की त्याच दिवशी फुल्ल, आणि मग दर महिन्या-दोन महिन्यांनी एकदा लावायची. लिथियमचं बरोबर उलटं, ते महिनोन्महिने ठेवायचे तर अर्धेच भरून ठेवायचे, फुल्ल ठेवले तर लवकर म्हातारे होतात. नव्या पंपांत हल्ली लिथियम पण यायला लागलेत, तेव्हा आधी लेबल बघ.

पावसाचं पण लक्षात ठेव. आमच्याकडे जून लागला की वीज जाते-येते, आभाळ गडगडायला लागलं की मी चार्जर प्लगमधूनच काढतो. आणि दमट हवेने चार्जरच्या पत्र्यांवर, सेलच्या टोकांवर पांढरा-हिरवा थर धरतो, मग चार्जर सेल ओळखत नाही आणि माणूस म्हणतो चार्जर बिघडला. सुक्या फडक्याने पुसायचं, जास्त असेल तर स्पिरिटने.

साखळीकर:
बापरे, बरंच कळलं. देव बरें करूं. आता सगळे सेल काढून वाचले. एए सगळे १.२. सोलरच्या दिव्यातल्या चारांवर ३.२ व्होल्ट ५०० एमएएच लिहिलंय, म्हणजे फोंड्याच्या दादांनी म्हटलं तेच, नशीब विचारलं. चौकोनीवर ८.४ व्होल्ट एनआयएमएच. टॉर्चच्या सेलवर ३.७ व्होल्ट आणि ९९०० एमएएच, म्हणजे हा दमदार दिसतोय? तो टॉर्च बाबांनी जत्रेतल्या फेरीतून आणलेला. आणि पंपावर १२ व्होल्ट ८ एएच, शिशाचीच.

मल्टिमीटरवाला:
९९०० वाचून हसलो. १८६५० म्हणजे १८ मिलिमीटर जाड आणि ६५ मिलिमीटर लांब, एवढ्या डब्यात आजच्या घडीला चांगल्या कंपनीचा सेल बहुतेक ३५००-३६०० एमएएचपर्यंतच जातो, फार तर ४००० च्या आसपास. वर जे काही छापतात ती नुसती शाई. स्वयंपाकघरातला डिजिटल काटा असेल तर वजन कर, खरा सेल साधारण ४५ ते ५० ग्रॅम भरतो, तीसच्या आसपास आला तर आत अर्धं रिकामं आहे असं समज. असला सेल टॉर्चमध्ये चालू राहील तेवढा राहू दे, पण महागड्या चार्जरमध्ये एक अँपिअरने भरायला जाऊ नकोस, आणि शक्य असेल तर बदलूनच टाक. नवीन घेताना माप बघ, ज्याच्यात संरक्षणाची छोटी पाटी बसवलेली असते तो सेल ६८-७० मिलिमीटरपर्यंत लांब होतो, काही टॉर्चमध्ये आणि काही चार्जरमध्ये तो बसत नाही. टॉर्चलाच यूएसबीचं भोक असेल तर सेल बाहेर काढायची गरजही नाही.

चार्जरबद्दल. माझं कुळागरातल्यांशी थोडं वेगळं मत आहे. तुझं बजेट आहे आणि तू स्वतः साउंड बघतोस म्हणजे तुला आकडे बघायची आवड असणार, तर मोजणारा चार्जर घे. लिटोकालाचा लि-५०० घे किंवा त्या धाटणीचा, त्यात ३००, ५००, ७०० आणि १००० मिलिअँपिअर असे करंट निवडता येतात, चार खाने स्वतंत्र, एनआयएमएच आणि ३.७ चे लिथियम दोन्ही आपोआप ओळखतो. महत्त्वाचं म्हणजे सेल भरून, रिकामा करून, परत भरून त्यात खरंच किती मावतं ते दाखवतो. वेळ लागतो, सकाळी लावलास तर संध्याकाळ होते, पण माइकचे सेल जोडीने लावायला याच्यासारखं काही नाही. १८०० दाखवणाऱ्याला १८०० वाल्याबरोबर ठेवायचं, १२०० वर आलेला रिमोटला टाकायचा. मार्करने सेलवर अ१ अ२, ब१ ब२ असं लिहायचं आणि जोड्या मोडायच्या नाहीत. आतला रोध पण दाखवतो तो चार्जर, तिकडे दुर्लक्ष कर, सेल जरा इकडे तिकडे सरकवला तरी आकडा बदलतो.

करंट किती ठेवायचा हा खरा प्रश्न. एनआयएमएच एएला ५०० किंवा ७००, हजार पण चालतो. फार कमी ठेवलास तर सेल भरल्यावरची ती व्होल्टेजची घसरण इतकी पुसट होते की चार्जर चुकवतो आणि भरतच राहतो, हे लोकांना उलटं वाटतं, हळू म्हणजे सुरक्षित असं. एएए ७००-८०० एमएएचचे असतात, त्यांना ३०० किंवा ५००. ३००० एमएएचच्या १८६५० ला एक अँपिअर आरामात. एनआयएमएच शेवटी शेवटी कोमट लागतो ते ठीक, हातात धरवत नाही इतका तापला तर काढ. लिथियम तापायलाच नको, तापला तर तो सेल परत लावू नकोस.

सोलरचे ३.२ चे यात अजिबात नाही. चार्जर त्यांना ३.७ चा समजून ४.२ पर्यंत ओढणार. ज्या चार्जरच्या मॅन्युअलमध्ये ३.२ स्पष्ट लिहिलेलं आहे आणि ते निवडायचं बटण आहे तोच चालेल, त्या चार दिव्यांसाठी तो घेण्यात अर्थ नाही. दिव्याचं पॅनलच त्यांना भरतं. पॅनल धुऊन बघ आधी, पावसाळ्यानंतर वर शेवाळ धरलेलं असतं. तरी नाही लागले तर ३.२ चेच नवे टाक, १.२ चे टाकलेस तर दिवा लागणार नाही.

चौकोनी ८.४ वाल्याला वेगळ्या खान्याचा चार्जर लागतो. मल्टिमीटरसाठी सांगू का, अल्कलाइनच टाक. वर्षातून एकदा बदलायचा, रिचार्जेबलचा काय उपयोग तिथे.

माटोळी:
मधे तोंड घालते, पण माझा पण हाच प्रश्न आहे. हल्ली ते १.५ व्होल्टचे लिथियमचे पेन्सिल सेल मिळतात, सेललाच यूएसबी असतं, चार्जरची गरजच नाही. पोरांच्या खेळण्यांना मी तेच आणलेत, जोरात पळतात गाड्या. साखळीकरांनी माइकला तेच घेतले तर सगळा प्रश्न मिटला नाही का?

मल्टिमीटरवाला:
खेळण्यांना छान आहेत ताई. पण त्यांच्यात आत ३.७ चा लिथियम सेल आणि त्याला १.५ वर उतरवणारं सर्किट असतं, म्हणून ते एनआयएमएचच्या चार्जरमध्ये कधीच घालायचे नाहीत, त्यांना त्यांचीच वायर किंवा त्यांचाच डबा. चार्जरमध्ये गेले तर चार्जरला कळणारच नाही आत काय आहे. घरात दोन्ही प्रकार असतील तर रंग वेगळे ठेवा, एकाच कंपनीचे घेऊ नका.

फोंड्याचा_साउंड:
माइकला मी ते वापरत नाही, दोन कारणांनी. ते शेवटपर्यंत १.५ दाखवतात आणि मग पटकन शून्य, ट्रान्समीटरच्या बॅटरीच्या दांड्या फुल्ल दिसत असतात आणि पुढच्या वाक्याला माइक बंद. एनआयएमएच हळूहळू उतरतो, विंगेत उभं राहून बघितलं तरी अंदाज येतो. दुसरं, त्या आतल्या सर्किटचा खरखराट काही वायरलेस माइकमध्ये शिरतो, सगळ्यात नाही, पण प्रयोगाच्या दिवशी कळण्यात काय मजा. माटोळी, गाड्यांना मात्र खुशाल वापरा.

आणि साखळीकर, एनआयएमएच १.२ चे असल्यामुळे काही ट्रान्समीटर सेल भरलेले असून सुद्धा एक दांडी कमी दाखवतात, घाबरू नकोस. काहींच्या मेनूमध्ये सेलचा प्रकार निवडता येतो, तो एनआयएमएच कर. तालमीला एक संच टाकून किती तास जातो ते बघून ठेव, म्हणजे मध्यंतरात बदलायचे की नाही ते आधीच ठरेल. एका माइकमध्ये जुना-नवा, अल्कलाइन-रिचार्जेबल असं मिसळ करू नकोस, कमकुवत सेल आधी रिकामा होतो आणि दुसरा त्याला उलटा ढकलतो, तो सेल तिथेच खलास.

कुळागरातला:
मल्टिमीटरवाल्यांचं पटलं, साउंडचं काम असेल तर मोजणारा चार्जर हवा. तरी एक सांगतो, विजेचा भरवसा नसेल तिथे यूएसबीवर चालणारा बघा, एक्स्टारचा व्हीसी४ तसा आहे, त्यात लिथियम आणि एनआयएमएच दोन्ही चालतात आणि किती एमएएच भरलं ते पण दाखवतो. वीज गेली तर पॉवरबँकवर चालतो. मात्र मोबाइलचा साधा एक अँपिअरचा अडॅप्टर लावलात तर चार खाने भरून तो रडत चालतो, दोन अँपिअरचा द्यायचा.

साखळीकर:
ठरलं मग. मोजणारा चार खान्यांचा एक, माझ्या टेबलावर, त्यात माइकचे एए आणि टॉर्चचा नवा १८६५०. आईसाठी आणि रिमोटसाठी तो बिनबटणाचा नंतर घेईन, बजेटात बसला तर. सोलरचं पॅनल धुतो, मल्टिमीटरला अल्कलाइन, पंप आजच लावला चार्जिंगला, दसऱ्यापासून तसाच पडला होता. ९९०० वाला काट्यावर ठेवला, २८ ग्रॅम. बाबांना सांगितलं तर म्हणतात उजेड तर पडतो ना.

शेवटचा प्रश्न, ड्रॉवरमध्ये दोन-तीन जुने एए आहेत, जुन्या चार्जरमध्ये भरतात असं वाटतं, पण मित्राच्या चांगल्या चार्जरमध्ये टाकले तर तो नल दाखवतो, घेतच नाही. कुठला चार्जर खोटं बोलतोय?

मल्टिमीटरवाला:
जुना. म्हणजे तो खोटं बोलत नाही, तो काही बघतच नाही. सेलचं व्होल्टेज फार खाली गेलेलं असलं की चांगला चार्जर त्याला सेल मानत नाही. एनआयएमएच असेल तर जुन्या चार्जरमध्ये दहा-पंधरा मिनिटं ठेवून थोडा उठव आणि मग नव्यात टाकून क्षमता मोज, हजारच्या खाली आली तर सोडून दे. हा उद्योग फक्त १.२ वाल्यावर करायचा. लिथियम सेल दोन व्होल्टच्या खाली जाऊन बरेच दिवस पडलेला असेल तर त्याला जागं करायला जायचं नाही, आत तांब्याचे काटे धरून शॉर्ट व्हायची भीती असते, तो सरळ बाद. बाद झालेल्या सेलच्या दोन्ही टोकांना चिकटपट्टी लाव आणि पंचायतीच्या सुक्या कचऱ्यात न मिसळता ई-कचरा घेतात तिथे दे, २०२२ च्या बॅटरी कचऱ्याच्या नियमांनी कंपन्यांना जुन्या बॅटऱ्या परत गोळा करणं बंधनकारक केलंय, त्यामुळे दुकानात पण विचारून बघ.

फोंड्याचा_साउंड:
आणि लिथियम लावशील तेव्हा लादीवर ठेव, गादीवर किंवा पडद्याजवळ नको, आणि घरात कुणीतरी जागं असताना. माइकचे एए मात्र प्रयोगाच्या आदल्या दिवशी भरून ठेवलेस तरी चालतात, त्यासाठीच ते लो सेल्फ डिस्चार्जवाले घ्यायचे. जत्रा कधी आहे तुमची? एक जादा संच भरून खिशात ठेव.